रोज एकच अंडं का? – कोंबडीच्या प्रजननात वृद्धी घटकांची भूमिका



संप्रेरकांचा धडा संपत आला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "कोंबडीच्या पोटात एवढी अंडी असतात, मग ती रोज एकच का घालते? काहीतरी औषध देऊन दोन नाही का काढता येणार?" प्रश्न ऐकून बाकीची मुलं हसतात, पण प्रश्न हसण्यासारखा नाही. कोंबडीपालन करणारे अनेक जण याच आशेने दुकानातून बाटल्या आणतात आणि पैसे घालवून बसतात. या प्रश्नाचं उत्तर अंडाशयातल्या पेशी एकमेकींशी काय बोलतात, यात दडलेलं आहे. त्या बोलण्याची भाषा म्हणजे वृद्धी घटक, म्हणजेच ग्रोथ फॅक्टर. आज आपण हाच विषय सोप्या शब्दांत समजून घेऊ.

१. पिवळ्या गोळ्यांचा घोस

अंड्यावर आलेली कोंबडी कापली की पाठीच्या कण्यालगत डाव्या बाजूला पिवळ्या गोळ्यांचा एक घोस दिसतो. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिलेला असेल. द्राक्षाच्या घडासारखा, पण सगळे मणी वेगवेगळ्या आकाराचे. हेच कोंबडीचं अंडाशय. बहुतेक पक्ष्यांप्रमाणे कोंबडीतही फक्त डावं अंडाशय आणि डावी अंडनलिका काम करते. उजवी बाजू गर्भावस्थेतच खुंटते.

या घोसातला प्रत्येक गोळा म्हणजे एक पुटिका. पुटिकेच्या आत एकच अंडपेशी असते आणि आपण ज्याला बलक म्हणतो तो याच अंडपेशीत साठतो. पुटिकांची उतरंड अशी असते:

• हजारो अतिशय बारीक, पांढऱ्या पुटिका.
• त्यापेक्षा थोड्या मोठ्या, काही मिलिमीटरच्या पांढऱ्या पुटिका.
• ६ ते ८ मिलिमीटरच्या, नुकत्याच पिवळ्या पडू लागलेल्या पुटिकांचा एक गट.
• त्यानंतर पाच-सहा मोठ्या पिवळ्या पुटिका, एकीपेक्षा एक मोठी.

सगळ्यात मोठीला शास्त्रज्ञ एफ-१ म्हणतात, तिच्या खालोखाल एफ-२, मग एफ-३ असं. आज एफ-१ फुटली की उद्या एफ-२ तिची जागा घेते. जणू रेशनच्या दुकानासमोरची रांग! पुढचा गेला की सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात आणि मागे एक नवीन जण येऊन उभा राहतो.

रांगेत नवीन येणारी ही पुटिका त्या ६ ते ८ मिलिमीटरच्या गटातून निवडली जाते. निवड झाली की ७ ते १० दिवसांत ती ३५ मिलिमीटरच्या आसपास पोचते. हा वेग किती आहे याचा हिशेब करा. पुटिका गोल धरली तर व्यास ८ वरून ३५ मिलिमीटर होताना घनफळ ऐंशी पटींहून जास्त वाढतं. आठवडाभरात ऐंशी पट!

आता खरा प्रश्न. गटात एकाच आकाराच्या बऱ्याच पुटिका शेजारी शेजारी असतात. सगळ्यांना रक्त तेच, संप्रेरकं तीच. मग एक दिवस एकीचीच निवड का होते? बाकीच्या का थांबतात?

२. दवंडी आणि शेजारणीचा निरोप

आपण शिकलो आहोत की मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीतून दोन संप्रेरकं येतात. पुटिका ग्रंथी संप्रेरक म्हणजे एफएसएच, आणि ल्युटीनायझिंग संप्रेरक म्हणजे एलएच. ती रक्तातून शरीरभर फिरतात. म्हणजे गावात दवंडी पिटल्यासारखं झालं. दवंडी सगळ्या गावाला ऐकू जाते.

वृद्धी घटकांचं काम बहुतांशी वेगळ्या पद्धतीने चालतं. ही प्रथिनं एक पेशी सोडते आणि जवळची पेशी पकडते. काही वेळा सोडणारी पेशी स्वतःच ते पकडते. हा झाला शेजारणीने भिंतीवरून दिलेला निरोप. तो दूर जात नाही, पण ज्या घरात पोचतो तिथे दवंडीपेक्षा जास्त असर करतो.

निरोप पकडण्यासाठी पेशीच्या आवरणावर ग्राही असतात. ग्राही म्हणजे रिसेप्टर. घटक आणि ग्राही जुळले की पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते आणि पेशी ठरवते: विभाजन करायचं, जसं आहे तसं थांबायचं, मोठं होऊन संप्रेरक बनवायला लागायचं, की मरायचं. नाव 'वृद्धी घटक' असलं तरी यातले काही घटक वाढ रोखतात, हे आत्ताच लक्षात ठेवा. परीक्षेत आणि व्यवहारात दोन्हीकडे इथेच गोंधळ होतो.

आणि गंमत बघा, वृद्धी घटकांच्या शोधातही कोंबडीच्या अंड्याचा मोठा वाटा आहे. इटलीच्या रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या ज्यू शास्त्रज्ञ. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे त्यांना विद्यापीठात काम करणं अशक्य झालं. त्यांनी ट्युरिनमधल्या आपल्या घरात, झोपण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या गर्भातील चेतापेशींचा अभ्यास चालू ठेवला. युद्धानंतर अमेरिकेत काम करताना त्यांना दिसलं, की कोंबडीच्या गर्भावर उंदराच्या विशिष्ट गाठीचा तुकडा लावला की चेतातंतू झपाट्याने वाढतात. म्हणजे गाठीतून काहीतरी पाझरत होतं. तो होता चेतापेशी वृद्धी घटक, एनजीएफ. त्यांचे सहकारी स्टॅनली कोहेन यांनी पुढे त्वचापेशींची वाढ घडवणारा ईजीएफ शोधला. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचल्यावर त्यांचे डोळे ठरल्या वेळेआधीच उघडले, यावरून त्यांना सुगावा लागला होता. दोघांना १९८६ चं नोबेल पारितोषिक मिळालं. हाच ईजीएफ आपल्याला थोड्या वेळाने कोंबडीच्या अंडाशयात भेटणार आहे.

३. पुटिकेच्या भिंतीत कोण कोण राहतं?

निरोप कोण कोणाला देतं हे कळण्यासाठी घराची रचना माहीत हवी. पुटिका आतून बाहेर अशी असते:

अ) अंडपेशी – मध्यभागी बलक, आणि बलकाच्या पृष्ठभागावर एक छोटा पांढुरका ठिपका. अंडं फोडल्यावर बलकावर दिसतो तोच. याला जननबिंब म्हणू. केंद्रक इथेच असतं आणि फलन झालं तर पिल्लाची सुरुवातही इथूनच होते.

आ) ग्रॅन्युलोसा थर – अंडपेशीभोवतीच्या पेशी. मोठ्या पुटिकांमध्ये या पेशी प्रोजेस्टेरॉन बनवतात. या थरात रक्तवाहिन्या नसतात.

इ) आधारपटल – एक पातळ पडदा.

ई) थीका थर – बाहेरचा थर. इथे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. लहान पुटिकांचा थीका थर इस्ट्रोजेन तयार करण्यात पुढे असतो.

इस्ट्रोजेन रक्तातून यकृतात जातं आणि यकृताला बलकाचा कच्चा माल बनवायला लावतं. हा माल रक्तातून थीकापर्यंत येतो, पडदा ओलांडतो, ग्रॅन्युलोसा पेशींच्या फटींतून आत शिरतो आणि अंडपेशीवरचे ग्राही तो ओढून घेतात. बलक अंडाशयात 'बनत' नाही, तिथे फक्त भरला जातो. बनतो तो यकृतात. हा मुद्दा अनेक जण चुकवतात.

४. वृद्धी घटकांची मुख्य कुटुंबं

नावं पाहून घाबरू नका. चार कुटुंबं लक्षात ठेवली तरी पुरे.

(१) टीजीएफ-बीटा कुटुंब – हे सगळ्यात मोठं. यात पुढचे सदस्य येतात:

• जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५: हे अंडपेशी स्वतः बनवते. जीडीएफ-९ मुळे ग्रॅन्युलोसा पेशींची संख्या वाढते. म्हणजे अंडपेशी गप्प बसून पोसली जात नाही, ती आपल्याभोवतीच्या पेशींना कामाला लावते.
• बीएमपी-४, बीएमपी-६ वगैरे: पुटिकेच्या भिंतीतल्या पेशी बनवतात. बीएमपी-६ मुळे लहान पुटिकांच्या ग्रॅन्युलोसा पेशींत एफएसएचचे ग्राही वाढायला मदत होते.
• एएमएच: लहान पुटिकांच्या ग्रॅन्युलोसा पेशी भरपूर बनवतात. पुटिका निवडली गेली की त्याचं प्रमाण एकदम खाली येतं.
• ॲक्टिव्हिन आणि इनहिबिन: ॲक्टिव्हिन ग्रॅन्युलोसा पेशींना एफएसएचसाठी तयार करायला मदत करतं. इनहिबिन मोठ्या पुटिकांतून रक्तात जातं आणि पियुषिका ग्रंथीला सांगतं, "एफएसएच कमी करा." हा मात्र भिंतीवरून नाही, दूरवर जाणारा निरोप आहे.

(२) ईजीएफ कुटुंब – ईजीएफ आणि टीजीएफ-अल्फा. ग्रॅन्युलोसा पेशींचं विभाजन वाढवतात, पण त्यांना परिपक्व होऊ देत नाहीत.

(३) आयजीएफ कुटुंब – इन्सुलिनसारखी रचना असलेले घटक. आयजीएफ-१ यकृतातही बनतो आणि पोषणानुसार त्याचं प्रमाण बदलतं. अंडाशयात तो संप्रेरकांच्या जोडीने पेशींची वाढ आणि प्रोजेस्टेरॉनची निर्मिती वाढवतो. खाद्य आणि अंडाशय यांना जोडणारा हा एक महत्त्वाचा दुवा.

(४) व्हीईजीएफ आणि एफजीएफ – रक्तवाहिन्या वाढवण्याशी संबंधित. पुटिका मोठी होताना थीकामधलं जाळंही वाढावं लागतं, नाहीतर एवढा बलक येणार कुठून?

५. निवड कशी होते? ब्रेक आणि ॲक्सिलरेटर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ६ ते ८ मिलिमीटरच्या गटातल्या सगळ्या पुटिकांना एफएसएचची दवंडी ऐकू येते. त्यांच्या ग्रॅन्युलोसा पेशींवर एफएसएचचे ग्राहीही असतात. तरी त्या पेशी परिपक्व होत नाहीत, प्रोजेस्टेरॉन बनवत नाहीत. कारण त्यांचा पाय ब्रेकवर ठेवलेला असतो.

हा ब्रेक म्हणजे मुख्यतः ईजीएफ कुटुंबाचा निरोप. हे घटक पेशीत एमएपी-कायनेज नावाची संदेशसाखळी चालू ठेवतात. ती चालू असेपर्यंत एफएसएचचा ग्राही असूनही आतली यंत्रणा दाद देत नाही. पेशी संख्येने वाढत राहतात, पण 'लहान'च राहतात. शाळेतल्या मुलांसारखं समजा. पट वाढतोय, पण कोणी कामाला लागलेलं नाही. एएमएचचं भरपूर प्रमाण हीसुद्धा याच लहानपणाची खूण.

मग एका पुटिकेत ब्रेक सुटतो. त्यानंतरचा क्रम पाठ करण्यासारखा आहे:

१. एफएसएचच्या ग्राहींचं प्रमाण वाढतं आणि ते खऱ्या अर्थाने काम करू लागतात.
२. पेशीच्या आत सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक तयार होतो.
३. कोलेस्टेरॉलपासून प्रोजेस्टेरॉन बनवणारी यंत्रणा सुरू होते.
४. एएमएच झपाट्याने कमी होतं.
५. हळूहळू एलएचचे ग्राही दिसू लागतात.
६. बलक वेगाने भरू लागतो.

म्हणजे हुकूम सगळ्यांना, पण प्रतिसाद एकीचाच. हीच या धड्याची किल्ली आहे. नुसती दवंडी मोठ्याने पिटून सगळी अंडी एकदम तयार होत नाहीत, कारण 'ऐकायचं की नाही' हे पुटिकेच्या भिंतीतच ठरतं.

ज्यांची निवड होत नाही त्यांतल्या कित्येक पुटिका आक्रसून नष्ट होतात. याला पुटिका-ऱ्हास म्हणतात. इथे आधी ग्रॅन्युलोसा पेशी मरतात. पण एकदा रांगेत उभी राहिलेली पुटिका, कोंबडी धडधाकट असेल तर, सहसा नष्ट होत नाही. ती तिच्या दिवशी फुटतेच. शरीराने एवढा बलक ओतल्यावर तो वाया जाऊ नये, अशी ही व्यवस्था.

६. जननबिंबाचा अधिकार

इथे एक सुंदर निरीक्षण सांगतो. मोठ्या पुटिकेतल्या ग्रॅन्युलोसा पेशी सगळीकडे सारख्या नसतात. जननबिंबाजवळच्या पेशी जास्त विभाजन करतात आणि प्रोजेस्टेरॉन कमी बनवतात. लांबच्या पेशी विभाजन कमी करतात आणि प्रोजेस्टेरॉन जास्त बनवतात. असं का? कारण जननबिंबाच्या भागातून ईजीएफसारखे घटक पाझरतात आणि जवळच्या पेशींना 'लहान' ठेवतात.

शास्त्रज्ञांनी प्रयोगात, अजून पूर्ण तयार न झालेल्या पुटिकेतला जननबिंबाचा भाग नष्ट करून पाहिला. पुटिकेची पुढची वाढ आणि अंडमोचन दोन्ही रोखलं गेलं. बलक आहे, भिंत आहे, रक्त आहे, संप्रेरकं आहेत. फक्त त्या ठिपक्याचा निरोप थांबला. यावरून कळतं, की ज्याच्यासाठी एवढी तयारी चालली आहे तो जीवाचा छोटासा ठिपकाच तयारीवर देखरेख ठेवतो.

७. फुटण्यापासून कवचापर्यंत

एफ-१ पूर्ण तयार झाली की तिच्या ग्रॅन्युलोसा पेशी प्रोजेस्टेरॉनचा लोट सोडतात. त्यामुळे मेंदूकडून एलएचची लाट येते आणि त्यानंतर ४ ते ६ तासांत पुटिका फुटते. ती फुटते कुठे? पुटिकेवर एक पट्टा असतो जिथे रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, तिथे. म्हणूनच बलकावर सहसा रक्त नसतं.

सस्तन प्राण्यांशी तुलना करा. गाय, म्हैस, माणूस यांच्यात अंडमोचनानंतर पीतपिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. कोंबडीत पीतपिंड बनत नाही. तिच्यात प्रोजेस्टेरॉनचं मोठं काम अंडमोचनाच्या आधी होतं. हा फरक परीक्षेत विचारतात.

पुढचा प्रवास: अंडनलिकेच्या नसराळ्यासारख्या तोंडात पाव ते अर्धा तास, पांढरा भाग चढायला सुमारे ३ तास, आतली पातळ पटलं बनायला सव्वा तासाच्या आसपास, आणि कवच चढायला जवळजवळ २० तास. एकूण २४ ते २६ तास. अंडं घातल्यानंतर साधारण अर्ध्या तासात पुढची पुटिका फुटते. चक्र २४ तासांपेक्षा थोडं लांब असल्यामुळे अंडं रोज थोडं उशिरा येतं. एलएचची लाट मात्र रात्रीच्या ठरावीक तासांतच येऊ शकते. वेळ सरकत सरकत त्या तासांच्या बाहेर गेली की कोंबडी एक दिवस खाडा करते आणि पुन्हा नव्याने मालिका सुरू होते.

म्हणजे 'रोज एकच का?' याची उत्तरं दोन. निवड एका वेळी एकाच पुटिकेची होते. आणि कवचाचा कारखाना एकच, त्याला एका अंड्यासाठी २० तास लागतात.

८. शिस्त मोडली तर काय होतं?

समजा एकाच वेळी दोन पुटिका तयार होऊन फुटल्या. दोन अंडी मिळतील? नाही. दोन्ही बलक एकाच कवचात जातात आणि दोन बलकांचं मोठं अंडं होतं. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांत हे जास्त दिसतं, कारण त्यांची रांग अजून नीट बसलेली नसते. ग्राहकाला गंमत वाटते, पण एवढं मोठं अंडं बाहेर पडताना कोंबडीला त्रास होतो, कधी अंग बाहेर येतं.

याचं मोठं उदाहरण म्हणजे ब्रॉयलर पिलांच्या आया. या जातीची भूक आणि वाढ दोन्ही प्रचंड. त्यांना पोटभर खाऊ दिलं तर अंडाशयात मोठ्या पुटिकांची संख्या वाढते, एका रांगेऐवजी दोन समांतर रांगा लागतात. वाटेल की अंडी दुप्पट मिळतील. प्रत्यक्षात विक्रीयोग्य अंडी कमी होतात! दोन बलकांची अंडी, बिनकवचाची मऊ अंडी, वेळी-अवेळी घातलेली अंडी. काही बलक अंडनलिकेत न जाता पोटातच पडतात आणि तिथे दाह होऊन कोंबडी मरते. खाद्य आणि अंडाशय यांच्यामधल्या आयजीएफसारख्या घटकांचा तोल बदलतो, हे यामागचं एक कारण. म्हणून या कोंबड्यांना सगळीकडे मोजूनमापून खाद्य देतात.

उलट टोक म्हणजे आपली खुडूक बसलेली गावरान कोंबडी. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन वाढतं, एलएच कमी होतं, मोठ्या पुटिका आक्रसतात आणि रांगच मोडते. अंडी थांबतात. हा आजार नाही, अंडी उबवण्याची तयारी आहे. अनेक दिवस उपाशी किंवा तहानलेल्या कोंबडीतही रांग अशीच मोडते. साठवलेला बलक शरीर परत शोषून घेतं.

९. दुकानातल्या बाटलीचं काय?

आता व्यवहाराचं बोलू. 'ग्रोथ प्रमोटर' लिहिलेली बाटली आणि आपण शिकलो तो 'ग्रोथ फॅक्टर', नावं सारखी वाटतात. वस्तू मात्र वेगळ्या.

• वृद्धी घटक ही प्रथिनं आहेत. ती खाद्यात मिसळली तर डाळीतल्या प्रथिनासारखी बहुतांशी पचून जातील. अंडाशयातल्या ठरावीक पेशीपर्यंत तो निरोप जसाच्या तसा पोचणार नाही.
• आणि पोचला असता तरी? एकच घटक लहान पुटिकेत ब्रेक असतो आणि दुसरीकडे वाढ देतो. सगळीकडे एकदम ओतला तर रांग मोडण्याचीच भीती.
• बाजारातल्या ग्रोथ प्रमोटरमध्ये जीवनसत्त्वं, क्षार, पाचक विकरं, उपयुक्त जिवाणू अशा गोष्टी असतात. कमतरता असेल तर त्यांचा उपयोग होतो. कमतरता नसेल तर पैसे उकिरड्यात.
• काही उत्पादनांत वाढीसाठी प्रतिजैविकं वापरली जात. त्यामुळे औषधांना न जुमानणारे जिवाणू तयार होतात. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविकं वापरणं २००६ पासून बंद केलं. भारतानेही २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनचं उत्पादन आणि विक्री बंद केली. कारण माणसावर बाकीची औषधं हरतात तेव्हा हे औषध हाताशी लागतं.

मग पाळणाऱ्याने करायचं काय? निरोप पेशींना देऊ द्या, आपण त्यांना परिस्थिती द्यायची. दिवसाचा आणि बल्बचा मिळून १४ ते १६ तास प्रकाश, आणि अंड्यावर असताना तो कमी करायचा नाही. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम, कारण एका कवचातच सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. चोवीस तास गार, स्वच्छ पाणी, उन्हाळ्यात तर दुर्लक्ष नकोच. वजन प्रमाणात, कोंबडी लठ्ठ नको. आणि अंडी अचानक घटली तर आधी पाणी, प्रकाश, खाद्य तपासा, मग पशुवैद्यकाला विचारा, आणि बाटलीचा विचार सर्वांत शेवटी करा.

१०. हे ज्ञान माणसाच्या कामाचं कसं?

एएमएच हे नाव घरातही ऐकलं असेल. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या स्त्रियांना एएमएचची रक्ततपासणी सांगतात. तिथेही लहान पुटिकांच्या ग्रॅन्युलोसा पेशीच ते बनवतात, म्हणून त्यावरून लहान पुटिकांच्या साठ्याचा अंदाज येतो. कोंबडीत आणि माणसात तोच घटक, तीच जागा!

दुसरी गोष्ट. कोंबडी हा असा प्राणी आहे, ज्याच्या अंडाशयात वय वाढल्यावर नैसर्गिकरीत्या कर्करोग होतो, तोही बऱ्याच प्रमाणात. रानकोंबडी वर्षाला जेमतेम डझन-दीड डझन अंडी घालते, आजची लेयर कोंबडी तीनशेच्या आसपास. प्रत्येक अंडमोचनात अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो आणि वृद्धी घटकांच्या मदतीने पुन्हा सांधला जातो. हे फाटणं-सांधणं सतत चाललं की चुकीला वाव वाढतो. म्हणून स्त्रियांमधील अंडाशयाच्या कर्करोगाचा अभ्यास करताना संशोधक कोंबडीकडे वळतात. आपण तिच्याकडून रोज एक अंडं घेतो, त्याची किंमत तिचं शरीर मोजत असतं. दुसरं अंडं मागण्याआधी एवढं आठवावं.

थोडक्यात लक्षात ठेवा

• संप्रेरक ही दवंडी, वृद्धी घटक हा शेजारचा निरोप.
• जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ अंडपेशीकडून, एएमएच लहान पुटिकांच्या ग्रॅन्युलोसाकडून.
• ईजीएफ कुटुंब हा निवडीपूर्वीचा ब्रेक. तो सुटला की एफएसएचला प्रतिसाद मिळतो.
• बलकाचा माल यकृतात बनतो, पुटिकेत भरला जातो.
• जास्त पुटिका म्हणजे जास्त अंडी नव्हे.

स्वाध्याय

१. संप्रेरक आणि वृद्धी घटक यांतील तीन फरक लिहा.
२. 'निवडीपूर्वी सर्व पुटिकांना एफएसएच मिळतं, तरी सर्व वाढत नाहीत.' कारण स्पष्ट करा.
३. कोंबडी आणि गाय यांच्यात प्रोजेस्टेरॉन कोठे व केव्हा तयार होतं, याची तुलना करा.
४. ब्रॉयलर पिलांच्या आयांना पोटभर खाद्य का देत नाहीत?
५. कृती: ओळखीच्या मटणवाल्याकडे अंड्यावरच्या कोंबडीचं अंडाशय मागून घ्या. पुटिका मोठीपासून लहानापर्यंत ओळीत मांडा, पट्टीने व्यास मोजा आणि प्रत्येकीचं घनफळ काढा. रांगेत किती पुटिका मिळाल्या? मोठ्या पुटिकेवरचा रक्तवाहिन्या नसलेला पट्टा शोधा. काम झाल्यावर साबणाने हात स्वच्छ धुवा.

उत्तरं वहीत लिहा आणि पाचव्या कृतीची मोजमापं वर्गात घेऊन या. प्रत्येकाच्या रांगेचा तक्ता फळ्यावर शेजारी शेजारी मांडू, म्हणजे कोणत्या कोंबडीची रांग नीट होती आणि कोणाची मोडलेली, हे आकड्यांतूनच कळेल.